थेंब पडतोय कुठून?

उरणजवळच्या करंज्यात घराघरांतली राहिलेली कामं जून-जुलैत निघतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, बाप्येमाणसं घरात. मग वर्षभर ‘बघू रे’ म्हणत टाळलेला गळका गिझर एकाएकी सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागतो. आत्याच्या न्हाणीघरातला पंधरा लिटरचा गिझर खालून तांबूस थेंब टाकत होता. घरात निकाल लागूनही गेला होता: टाकी सडली, नवा आणायचा. काकांनी उरणच्या बाजारात भावसुद्धा काढून ठेवले होते. मिस्त्रीला बोलावलं ते फक्त जुना उतरवायला.

मिस्त्रीने हत्यारांच्या पिशवीला हात लावण्याआधी दोन पेले मागितले. एकात गरम नळाचं पाणी, दुसऱ्यात थंड नळाचं. दोन्ही खिडकीशी नेऊन उजेडात धरले. फक्त गरम पाणी तांबूस असेल तर गंज टाकीच्या आत आहे. दोन्ही तांबूस असली तर दोष पाइपांचा, गिझर बिचारा निर्दोष. इथे दोन्ही पेले स्वच्छ होते. “टाकी गेली असं आत्ताच नका म्हणू, काका,” एवढंच तो बोलला.

मेन स्विच बंद करून, टेस्टर लावून खात्री करून त्याने खालचा कॉक फिरवला, टाकी रिकामी केली आणि बुडाचं प्लास्टिकचं झाकण काढलं. गळणाऱ्या गिझरचा पंचनामा इथूनच सुरू होतो. बाहेरचा पत्रा आणि आतली टाकी यांच्यामध्ये फोम भरलेला असतो. टाकीला वर कुठेही भोक पडलं, तरी पाणी फोममधून झिरपत शेवटी बुडाशीच येतं. त्यामुळे खाली उभं राहून थेंब बघितला, तर रोग साधा की जीवघेणा ते कळत नाही. मिस्त्रीने कॉइल बसवलेल्या गोल पत्र्याच्या कडेने बोट फिरवलं. बोट ओलं झालं. वरचा फोम दाबून पाहिला, तो कोरडा. गॅस्केट कडक होऊन चिरलं होतं, बोल्ट गंजले होते, आणि तांबूस रंग त्या बोल्टांचा होता.

फोम ओला निघाला असता तर बोलण्यासारखं काही उरलं नसतं. तांब्याच्या बंबाला भोक पडलं की तांबट डाग देई आणि बंब पुढची कैक वर्षं चाले. गिझरच्या टाकीला तसा डाग देता येत नाही. पोलादी टाकीला आतून काचेचा लेप असतो, तो ८०० अंशांच्या वर भट्टीत भाजून बसवतात. बाहेरून वेल्डिंग केलं की आतला लेप तडकतो आणि फोम जळतो तो वेगळाच. म्हणून कॉइल, थर्मोस्टॅट, कटआउट, गॅस्केट, व्हॉल्व्ह यांपैकी काहीही गेलं तरी दुरुस्ती. टाकी फुटली की भंगार.

बोल्ट सुटले, कॉइल खाली आली. तिच्यावर पांढऱ्या खडूसारखे पापुद्रे, आणि टाकीच्या तळाशी ओंजळभर चुरा. गावाला पाणी पुरवणारं रानसईचं धरण उन्हाळ्यात आटत आलं की लोक मिळेल ते पाणी वापरतात, बोअरचंही. जड पाणी जितकं जास्त तापवावं तितके हे पापुद्रे जास्त धरतात. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठवर न्यायला दोन किलोवॅटच्या कॉइलला जेमतेम वीस मिनिटं लागायला हवीत. आत्याकडे अर्धा तास लागायचा.

मला मात्र कॉइलशेजारच्या काडीत जास्त रस होता. काडीच म्हणायची, कारण बोटाएवढ्या जाड मॅग्नेशियमच्या रॉडमधली फक्त लोखंडी तार उरली होती. मॅग्नेशियम आधी झिजतं, म्हणून पोलाद वाचतं. लेपाला बारीक चीर असली तरी जोवर रॉड शिल्लक आहे तोवर टाकीला धोका कमी. पाणी खारट असेल तर रॉड आणखी भराभर संपतो.

काकांनी तार हातात घेतली आणि म्हणाले, “हे तर आमचं झिंक.” बोटीच्या पंख्यापाशी आणि सुकाणूवर जस्ताच्या वड्या ठोकतात त्या. बंदीच्या दिवसांत त्या न विसरता बदलल्या जातात. युक्ती जुनी आहे. १८२४ साली हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा असाच जस्त-लोखंडाचे तुकडे लावून वाचवला. पत्रा वाचला, पण तांबं विरघळायचं थांबल्यावर तळाला शंखशिंपले चिकटायला लागले, जहाजं मंदावली आणि आरमाराने नाद सोडला. काकांना हा किस्सा फार आवडला. दर वर्षी बोटीचं झिंक बदलणाऱ्या माणसाने गिझर घेतल्यापासून एकदाही उघडला नव्हता, आणि करंज्यातल्या बहुतेक घरांत हेच असणार. दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, याचं उत्तर थेंब पडायच्या कितीतरी आधी त्या रॉडवर ठरत असतं. दुकानदार रॉडबद्दल बोलत नाही, त्यालाही पोट आहे.

मिस्त्रीने कॉइलच्या भोकातून टॉर्च आणि छोटा आरसा आत घातला. सांध्याच्या एका टोकाला तपकिरी ठिपका होता, बाकी लेप निळा, गुळगुळीत.

“मग नवाच घ्यावा लागंल काय?” काकांनी विचारलं.

“एवढ्यात नको. कॉइल, रॉड, गॅस्केट टाकतो. पण वर्षाने उघडायचा. ठिपका वाढला तर मीच सांगेन, फेका.”

संध्याकाळी सगळं बसलं, स्विच लागला. थोड्या वेळाने आत्याची हाक आली, “अरे, अजून गळतोय!” सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडातून थेंब पडत होते. मिस्त्री तिथूनच ओरडला, “तो गळायलाच पाहिजे, मावशी!” पाणी तापलं की फुगतं, पंधरा लिटरमागे सुमारे दोनशे मिलिलिटर. परत मागे जायची वाट बंद असली की ते त्या तोंडातून बाहेर येतं. तिथे बूच मारलं तर खरा धोका.

“मग खाली बादली ठेवू?”

“नळी लावतो. बूच तेवढं मारू नका.”