खोक्यावरचे आकडे, खिशातला कॅमेरा

भाचीला सहलीसाठी छोटा कॅमेरा घ्यायचा होता. दुकानदाराने दोन खोकी पुढे केली. एकावर ‘४० पट झूम’, दुसऱ्यावर जेमतेम तीन पट आणि किंमत मात्र जास्त. तिचा हात पहिल्याकडे गेला. बहुतेकांचा तिकडेच जातो.

गैरसमज : मेगापिक्सेल जास्त, तर फोटो चांगला. अल्बममधल्या सहा बाय चार इंची प्रिंटला ३०० डीपीआयने २ मेगापिक्सेल पुरतात, ए-४ कागदाला ९. आज दुकानात मिळणारा कुठलाही धड कॅमेरा याहून जास्तच देतो. फरक पडतो तो सेन्सरच्या आकाराने. स्वस्तातल्या कॉम्पॅक्टचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहूनही लहान. ‘एक इंची’ सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळ चौपट आणि पोटात शिरणारा प्रकाशही त्याच हिशेबाने जास्त. (या ‘एक इंची’ची एकही बाजू इंचभर नसते. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या नळीच्या मापावरून चिकटलं, ते सुटलंच नाही.) सोनीने २०१२ साली आरएक्स१००मध्ये तो खिशात मावेल अशा कॅमेऱ्यात बसवला, पुढे कॅनन आणि पॅनासॉनिकही त्या वाटेने गेले.

गैरसमज : झूम जितकं लांब, तितका कॅमेरा प्रवासाला बरा. कॅनन एसएक्स७४०चं ४० पट झूम खरं आहे, ऑप्टिकल आहे. पण झूम न करता त्याचं ॲपर्चर एफ/३.३ असतं आणि पूर्ण ताणल्यावर एफ/६.९ होतं. प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो, शिवाय हाताचा कंपही झूमच्या पटीत मोठा दिसतो. भर उन्हात समोरच्या बुरुजावरची घार टिपायला हे झूम झकास. सूर्य कलल्यावर मात्र हाती धूसर ठिपके येतात. ‘डिजिटल झूम’ तर निव्वळ कातरकाम, ते मेनूत जाऊन बंदच करावं.

गैरसमज : अंधार पडला की फ्लॅश हवाच. घरच्या गणपतीची आरती आठवा. समई, निरांजन, कापराचा उजेड, आणि फोटोत काय उतरतं? पुढच्या काकूंचं पांढरंफटक कपाळ, मागे काळोख आणि मखरावर एक चकाकता डाग. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश जेमतेम तीन-चार मीटर पोचतो. किल्ल्यावर किंवा नाट्यगृहाच्या मागच्या रांगेतून तो उडवणं म्हणजे शेजाऱ्यांना त्रास. फ्लॅश बंद करा, झूम अजिबात नको, कोपरं छातीशी टेकवा किंवा कॅमेरा कपाटावर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावा. समईची ज्योत ज्योतीसारखीच येते.

गैरसमज : कॅमेरा म्हटला की तो फोनपेक्षा सरसच. नाही. चांगला फोन एका क्षणात अनेक फोटो काढून त्यांचा एक करतो. नखाएवढ्या सेन्सरचा स्वस्त कॅमेरा त्याच्यापुढे फिका पडतो. लांबचं झूम हवं असेल तरच तो घ्यावा. नाहीतर पैसे साठवून मोठ्या सेन्सरचा घ्या, किंवा फोनवरच खुशाल राहा. मला स्वतःला रिको जीआर ३ आवडतो, त्याला तर झूमच नाही. पण तो सगळ्यांना मानवणारा नव्हे.

गैरसमज : चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा सुरक्षित. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामडं ओल धरून ठेवतं आणि लेन्सला बुरशी लागते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या यांचा खर्च किरकोळ आहे. कोकणातली बारीक रेती हा आणखी वेगळा शत्रू. ती लेन्सच्या नळीत गेली की नळी आत-बाहेर होताना करकरते आणि एक दिवस अडकते. म्हणून सेकंडहँड घेताना कॅमेरा चार-पाच वेळा चालू-बंद करून कान देऊन ऐका.

दुकानात जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या. फ्लॅश बंद करून काउंटरखालच्या अंधाऱ्या कोपऱ्याचा एक फोटो दोन्ही कॅमेऱ्यांनी काढा आणि घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहा. भाचीने तेच केलं, आणि दुसऱ्या दिवशी तीन पट झूमवाला आणला.