शेंगा, टरफलं आणि पाच मिनिटं

१ ऑगस्टला शाळकरी मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक म्हणून बसलं, की सकाळी साडेनऊला टिळकांच्या वर्गात टरफलं पडायला सुरुवात होते आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी ती पडतच असतात. प्रत्येक स्पर्धक बाणेदारपणे ती उचलायला नकार देतो. मध्येच एखादी मुलगी अण्णाभाऊ साठ्यांवर बोलायला उभी राहते, तेव्हा मी सरसावून बसते. तारीख दोघांची एकच. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत टिळक गेले आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णाभाऊ जन्मले. वाटेगाव आमच्या कराडपासून काही फार लांब नाही. पण ती मुलगीही अण्णाभाऊंच्या दीड दिवसाच्या शाळेपाशी येऊन थांबते. पुढं त्यांच्या ‘फकिरा’ कादंबरीचं नाव येतं, फकिरा मात्र येत नाही.

माध्यमिक शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झाले, आणि मराठीच्या निवृत्त बाई म्हणजे तालुक्याच्या हक्काच्या परीक्षक. मानधन म्हणाल तर नारळ, गुलाबाचं फूल आणि कधीमधी पाकीट. हंगाम जुलैअखेर सुरू होतो. ३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ ला जिजाऊ आणि विवेकानंद, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. १२ मार्चला यशवंतराव चव्हाणांची जयंती झाली, की परीक्षांची गडबड सुरू होते आणि माईक गुंडाळले जातात.

ज्यांचं मूल अजून स्टेजवर चढलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बहुतेक ठिकाणी पाचवी ते सातवी लहान गट आणि आठवी ते दहावी मोठा गट असतो. लहानांना तीन-चार मिनिटं मिळतात, मोठ्यांना पाच ते सात. मिनिटभर उरलं की इशाऱ्याची घंटा, मग शेवटची. परीक्षकापुढं गुणांचा तक्ता असतो : विषयाची मांडणी, भाषा, उच्चार, आवाजातले चढउतार, हावभाव, एकूण परिणाम. शाळा कळू नये म्हणून मुलाला नाव नाही, नुसता क्रमांक. (गणवेश काय लपतो?) परीक्षकांच्या गुणांची बेरीज होते. फिरता करंडक शाळेला, प्रमाणपत्र नि स्मृतिचिन्ह मुलाला, आणि फार कुणी रुसू नये म्हणून दोन उत्तेजनार्थ.

या तक्त्यातला हावभावांचा रकाना पोरांचं फार नुकसान करतो. आकाश म्हटलं की हात वर, हृदय म्हटलं की छातीवर, शत्रू म्हटला की बोट थेट माझ्या नाकासमोर. पाचवीतली चिमुरडी ‘गुणग्राहक परीक्षक’ म्हणते तेव्हा तिला त्यातलं काही कळलेलं नसतं, आणि मलाही त्याचा आनंद होत नाही. हॉलच्या भिंतीपाशी आई उभी असते. मुलाबरोबर तिचेही ओठ हलत असतात. तो अडखळला की आधी तिचा चेहरा उतरतो. भाषण कुणी लिहिलं हे तेवढ्यात कळून चुकतं. हल्ली तर तेही राहिलं नाही. मोबाइलवर तयार भाषणं मिळतात, त्यामुळं तीन गावांतली तीन मुलं त्याच चारोळीनं सुरुवात करून त्याच जागी आवाज चढवतात.

निबंधाचंही तेच. विषय आधी जाहीर करून निबंध घरून लिहून मागवले, की अक्षर मुलाचं आणि मजकूर काकांचा. त्यापेक्षा सगळ्यांना एका वर्गात बसवून तास-दीड तासात लिहून घ्यावं, हे मी आयोजकांना नेहमी सांगते. गठ्ठे जमत नाहीत, पण वाचण्याजोगं काही मिळतं. मोबाइल शाप की वरदान, यावर आजवर किती मुलांनी विचार केला असेल देव जाणे, पण सगळी शेवटी एकाच निकालावर आली आहेत : दोन्ही.

निबंध आणि भाषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण मुलांना सांगतच नाही. वाचणारा अडला तर चार ओळी मागं जाऊ शकतो, ऐकणारा नाही जाऊ शकत. म्हणून बोलताना वाक्य आखूड हवं, महत्त्वाची गोष्ट पुन्हा एकदा यायला हवी आणि मध्ये श्वासापुरती जागा हवी. निबंधात पहिला आलेला हुशार मुलगा तोच निबंध पाठ करून उभा राहतो आणि दुसऱ्या मिनिटाला सभागृहातली पोरं चुळबुळायला लागतात. तो खाली उतरतो तेव्हा त्याला आपलं काय चुकलं ते कळतच नाही, आणि परीक्षकांना मनोगतात ते सांगायची सवड नसते, कारण तोवर अध्यक्षांच्या गाडीची वेळ झालेली असते.

पण माझं खरं भांडण आहे ते विषयांशी. विषय उसना असला की भाषणही उसनंच येणार.

स्वतःचा विषय कसा असतो ते बघा. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघायला अजून १८७४ साल उजाडायचं होतं, म्हणजे तिच्यापुढं गिरवायला तो कित्ता नव्हता. होतं ते आजूबाजूचं जगणं आणि ज्या धर्माच्या नावानं ते असं झालं त्याला विचारायचे प्रश्न. तिचा निबंध छापून आला त्याच वर्षी जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं आणि कमिटीनं ते नाकारलं. आम्हा परीक्षकांच्या जमातीनं ही गोष्ट अधूनमधून आठवावी.

पुढं १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि ज्ञानाच्या गोष्टी जाहीरपणे बोलायची नि ऐकायची सवय शहराला लागली. त्याच काळात आमच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर पुण्यात शिकत होते. वर्तमानपत्रांत लिहून, वक्तृत्वाची बक्षिसं मिळवून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला, असं त्यांच्या चरित्रांत वाचायला मिळतं. बक्षिसाच्या रकमेवर कुणाचं शिक्षण अडलेलं असायचं, हे आजच्या प्लॅस्टिकच्या करंडकांकडे बघताना माझ्या मनात येतंच.

आणि यशवंतराव. कराडच्या टिळक हायस्कूलचा हा विद्यार्थी पुण्याला वक्तृत्व स्पर्धेसाठी गेला आणि पहिलं बक्षीस घेऊन आला. ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात ती हकीकत आहे. बोलायला विषय आला ग्रामसुधारणेचा. देवराष्ट्र्यासारखं खेडं पाहिलेल्या पोराला तो पाठ करावा लागला नाही.

दोन वर्षांपूर्वी इथल्या एका वाचनालयानं विषय काढायचं काम माझ्यावर सोपवलं. मी दिले : आमच्या घरातलं भांडण, एसटीची वाट बघताना, मला न आवडणारा सण, आमच्याकडे पाणी येतं तेव्हा. अट एवढीच, की चिठ्ठी उचलायची आणि पंधरा मिनिटांत बोलायला यायचं. शिक्षकांचे फोन सुरू झाले. “बाई, ह्यावर तयारी काय करून घ्यायची?” म्हटलं, काहीच नाही. चार शाळांनी नावं मागं घेतली.

सगळं छान झालं असं नाही. निम्मी मुलं दीड मिनिटात संपली. एकानं एसटीवरून थेट शिवरायांवर उडी घेतली, कारण तेच भाषण तयार होतं. पण सातवीतली एक मुलगी पाण्यावर बोलली. तिचे आईवडील ऊसतोडीला आलेले, राहणं कारखान्याच्या तळावर, कोप्यांत. टँकर आला की आधी कुणाची घागर, मोठ्या घागरीला लहान पोरं कशी रेटतात, आणि ती स्वतः शाळेला उशिरा आल्यावर कारण सांगायला का लाजते, हे तिनं सांगितलं. पहिली घंटा झाली तशी म्हणाली, “अजून थोडं ऱ्हायलंय,” आणि बोलत राहिली. हात दोन्ही शेवटपर्यंत खालीच.

माझ्या शेजारच्या परीक्षकांनी तिचे उच्चाराचे गुण जवळजवळ सगळे कापले. ती पानी म्हणाली, लोनी म्हणाली. मी विचारलं, “सर, तुम्हाला एखादा शब्द कळला नाही का?” ते म्हणाले, “कळले हो सगळे, पण नियम आहे.” नियम होता हे खरं. वीस गुण उच्चारांचे आणि पंधरा मांडणीचे, असा तो तक्ता कुणीतरी कधीतरी बनवलेला, आणि वर्षानुवर्षं त्याची झेरॉक्स निघत आलेली. बेरजेत ती तिसरी आली. पहिला आला तो छान बोलला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

वाचनालयाच्या सचिवांशी मी महिनाभर हुज्जत घातली. आता उच्चारांना दहा गुण आहेत, मांडणीला तीस, आणि हावभावांचा रकानाच नाही. उच्चाराचे गुण फक्त शब्द ऐकू आला नाही तरच कापायचे, असं तक्त्याखाली लिहिलंय. यंदाची स्पर्धा जवळ आली तसे फोन पुन्हा सुरू झालेत. परवा एक तरुण शिक्षक म्हणाले, “बाई, विषय नका सांगू, नुसता रोख सांगा.” त्यांना म्हटलं, मुलांना आठवडाभर घरी काय चाललंय ते नीट बघायला सांगा, आणि भाषणाचा कागद शाळेतच ठेवून या.