दाहक पदार्थ आणि खरीं स्फोटकें

विहिरीच्या कातळांत उडविलेला सुरुंग आणि खळ्याशेजारीं पेटलेली गवताची गंज, या दोन्ही गोष्टी उल्हास खोऱ्यांतील शेतकऱ्यास अपरिचित नाहींत. दोहोंत उष्णता आहे, धूर आहे आणि नाशही आहे. म्हणून सामान्य बोलण्यांत आपण दोन्ही एकाच सदरांत घालतों. परंतु या दोन क्रिया मुळांतच भिन्न आहेत. एकीवर जो उपाय चालतो तो दुसरीच्या बाबतींत निरुपयोगी, किंबहुना घातक ठरतो. शेतकऱ्याच्या कोठारांत हल्लीं गवत, डिझेल आणि नायट्रेटयुक्त खतें शेजारीं शेजारीं येऊन बसलीं आहेत. तेव्हां हा भेद प्रत्येक बागायतदारानें समजून घेणें अवश्य आहे.

जळणें म्हणजे काय

कोणताही पदार्थ जळण्यास तीन गोष्टी लागतात: जळण, पुरेशी उष्णता आणि हवेंतील प्राणवायु. गवत, लांकूड, कापूस, रॉकेल यांच्याजवळ स्वतःचा प्राणवायु नसतो. तो त्यांस बाहेरून घ्यावा लागतो. म्हणून जेथें हवा पोंचते तेथेंच ज्वाला उठते. मोकळें गवत भडकतें, तर घट्ट दाबलेला गठ्ठा धुमसत राहतो. माती टाकून, घोंगडी घालून किंवा पाणी मारून अशी आग विझते, याचें कारण यांतील एखादा आधार आपण काढून घेतों.

दुसऱ्यास आग लावण्याच्याच हेतूनें जे पदार्थ वापरले जातात, त्यांस दाहक पदार्थ म्हणावें. हवा लागतांच पेटणारा पांढरा फॉस्फरस, डोळे दिपविणाऱ्या तेजानें जळणारा मॅग्नेशियम व घट्ट केलेलें पेट्रोल हे या वर्गांतले. त्यांचें काम फोडण्याचें नसून पेटविण्याचें आहे. मात्र त्यांस कमी लेखूं नये. ता. ९ व १० मार्च १९४५ च्या दरम्यानच्या रात्रीं टोकियो शहरावर मुख्यतः आगलावे बाँब पडले आणि त्या एका रात्रींत सुमारें एक लाख माणसें मेलीं.

फुटणें म्हणजे काय

स्फोटक द्रव्यास बाहेरच्या हवेची गरज नसते. त्याचें जळण व त्याचा प्राणवायु हीं दोन्ही त्याच्याच पोटांत असतात. म्हणूनच सुरुंग खडकाच्या भोंकांत, पाण्याखालींसुद्धां उडतो.

यांतही दोन जाती आहेत. बंदुकीची जुनी काळी दारू ही मंद जात. तिच्यांत आग कणाकणानें पुढें सरकते व तिचा वेग ध्वनीच्या वेगाहून कमी असतो. उघड्यावर ती फुरफुरून जळून जाते. कोंडली तर भांडें फोडते. टी. एन. टी. सारखीं द्रव्यें हीं खरीं स्फोटकें. त्यांत ज्वाला सरकत नाहीं, तर धक्क्याची लाट द्रव्यांतून धांवते आणि जेथून जाते तेथील द्रव्याचा तत्क्षणीं तप्त वायु करून टाकते. टी. एन. टी. मध्यें या लाटेचा वेग सेकंदास सुमारें सात हजार मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या वीसपट असतो. अशीं बरींच द्रव्यें नुसत्या ठिणगीनें फुटत नाहींत. टोपीचा तीव्र धक्का लागतो. परंतु मोठ्या सांठ्यास आग लागून तो तापला, तर टोपीवांचूनही स्फोट होऊं शकतो.

येथें एक गोष्ट वाचकांस नवलाची वाटेल. एक किलो सुक्या लांकडांत जी उष्णता आहे, ती एक किलो टी. एन. टी. मधील उष्णतेच्या तिपटीहून अधिक आहे. तरीही लांकडानें आपण भात शिजवितों आणि टी. एन. टी. नें खडक फुटतो. याचें कारण उष्णतेचें मान नव्हे, तर वेग. चुलींतील लांकूड आपली उष्णता पाव अर्ध्या तासांत देतें. तेवढेंच स्फोटक ती सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी काळांत देतें.

मुंबई गोदींतील धडा

उल्हासनगरचे कॅम्प आज जेथें वसले आहेत, तेथें दुसऱ्या महायुद्धांत कल्याणची लष्करी छावणी होती. त्याच युद्धांत मुंबईच्या बंदरीं दाहक व स्फोटक यांची गांठ पडून जो अनर्थ झाला, त्याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण.

‘फोर्ट स्टिकिन’ नांवाचें जहाज इंग्लंडाहून सुमारें १,४०० टन स्फोटकें व दारूगोळा घेऊन निघालें. वाटेंत कराचीस त्यावर कापसाच्या सुमारें ८,७०० गांठी चढविण्यांत आल्या. ता. १२ एप्रिल १९४४ रोजीं तें मुंबईस पोंचून व्हिक्टोरिया गोदींत लागलें. ता. १४ रोजीं दुपारीं दोनच्या सुमारास दोन नंबरच्या खणांतून धूर येतांना दिसला. त्या खणांत कापूस होता आणि स्फोटकेंही होतीं.

पुढचे दोन तास कापूस कापसाच्याच रीतीनें जळला. दाबलेल्या गांठी आंतून धुमसत राहिल्या. बंबांनीं शेंकडों टन पाणी ओतलें तरी आग हटली नाहीं. चार वाजून सहा मिनिटांनीं स्फोटकांनीं आपला धर्म दाखविला. अर्ध्या तासाच्या आंत दुसरा, त्याहून मोठा स्फोट झाला. पहिल्या धक्क्याची नोंद दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटली. मग दाहक पदार्थाची पाळी पुन्हां आली. जळता कापूस आकाशांत फेंकला जाऊन शेजारच्या जहाजांवर, वखारींवर व वस्तीवर पडला. धान्याच्या वखारी भस्म झाल्या आणि आग कित्येक दिवस धुमसत होती. सातशेंहून अधिक माणसें मेलीं. त्यांत ६६ जण अग्निशामक दलाचे होते. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात.

यांतला बोध हा कीं, कापसानें स्फोटकांस चेतविलें आणि स्फोटकांनीं कापूस शहरभर पेरला. दोन्ही वेगळे ठेविले असते तर एका जहाजाची आग एका जहाजावरच राहण्याचा संभव होता.

तिसरा वर्ग: नायट्रेट खतें

अमोनियम नायट्रेट स्वतः जळाऊ नाहीं. पण त्यांत प्राणवायूचा भरपूर सांठा असल्यानें तें दुसऱ्याची आग पोसतें, आणि कोंडून तापलें तर स्वतःच खऱ्या स्फोटकाप्रमाणें फुटतें. ता. १६ एप्रिल १९४७ रोजीं अमेरिकेंतील टेक्सास सिटी बंदरांत या खतानें भरलेल्या जहाजास आग लागली. माल भिजूं नये म्हणून पाण्याऐवजीं खणाचीं झांकणें बंद करून आंत वाफ सोडण्यांत आली. कापसाची आग यानें कदाचित् गुदमरली असती. परंतु ज्याचा प्राणवायु पोटांत आहे त्यास गुदमरविणार कसें? उलट उष्णता व दाब वाढून जहाज फुटलें व सुमारें ५८० माणसें गेलीं. ता. ४ ऑगस्ट २०२० रोजीं बेरूत बंदरांत वखारींत पडून राहिलेल्या २,७५० टन अमोनियम नायट्रेटनें हाच प्रकार घडविला. आपल्या देशांत २०१२ च्या नियमांनीं अमोनियम नायट्रेटचा सांठा व विक्री परवान्याखालीं आणली असून त्यावरील देखरेखीच्या खात्याचें मुख्य कार्यालय नागपुरास आहे.

युरिया या जातीचा नव्हे. मात्र ठिबकांतून दिलें जाणारें १३-०-४५ हें पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपला सोराच होय. तें स्वतः स्फोटक नसलें तरी आग पोसणारें आहे.

शेतकऱ्यानें काय करावें

१. नायट्रेट खतें गवत, डिझेल, गंधकाची भुकटी व कीटकनाशकें यांपासून निराळ्या, हवेशीर व कोरड्या खोलींत ठेवावीं. उल्हासनगर कॅम्प २ सारख्या दाट बाजारांतून माल आणतांना डिझेलचा डबा व खताच्या गोण्या एकाच टेंपोंत रचूं नयेत.

२. अशा खतापर्यंत आग पोंचल्यास दारें बंद करूं नयेत, माती टाकूं नये. माणसें दूर काढावीं, अग्निशामक दलास आंत खत आहे हें प्रथम सांगावें. आग अगदीं लहान असेल तरच लांबून भरपूर पाणी मारावें.

३. सुरुंगाचें काम परवानाधारक माणसाकडूनच करवावें. कांड्या व टोप्या घरीं एक रात्रही ठेवूं नयेत. न उडालेला बार आपण उकरूं नये. तो त्याच माणसानें निकालांत काढावा. खडकांत सांपडलेली टोपी मुलांच्या हातीं लागूं देऊं नये.

४. स्फोटकांच्या सांठ्यास आग लागली असें दिसतांच ती विझविण्याच्या भरीस पडूं नये. तेथून दूर पळावें व इतरांसही पळवावें.

५. गवत ओलें रचूं नये. ओली गंज आंतून तापून आपोआप पेटते.

आग दिसतांच पाण्यासाठीं धांवण्यापूर्वीं मनांत एकच प्रश्न विचारावा: जें पेटलें आहे त्याचा प्राणवायु बाहेरचा आहे कीं आंतला? बाहेरचा असेल तर आग विझविण्याची उमेद धरावी. आंतला असेल तर प्रथम माणसें वांचवावीं.