डोळ्याच्या तळाशी दिसणारी सूज

एका कागदावर ८ सेंटिमीटर अंतरावर शेजारी शेजारी दोन ठिपके काढा. डावा डोळा मिटा आणि उजव्या डोळ्याने डाव्या ठिपक्याकडे पाहत कागद हळूहळू जवळ आणा. वीतभराहून थोड्या जास्त अंतरावर उजवा ठिपका नाहीसा होईल. डोळ्यात तेवढी जागा आंधळीच असते. दृष्टिपटलावरचे दहा-बारा लाख तंतू तिथे एकत्र येऊन मेंदूकडे निघतात. जेमतेम दीड मिलिमीटरच्या या चकतीविषयी आपल्याशी बोलायचे आहे.

मेंदूभोवतीचे पाणी डोळ्याच्या नसेभोवतीही असते. कवटीतला दाब वाढला की तो तिथवर पोचतो आणि चकती सुजते. कारण गाठ असेल, क्षयाचा मेंदूज्वर असेल, बाळंतिणीच्या मेंदूतल्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी असेल. दगा असा, की सुरुवातीला नजर बहुधा शाबूत राहते. तक्त्याची शेवटची ओळही वाचता येते. डोके दुखते, सकाळी मळमळते, वाकल्यावर क्षणभर अंधारी येते. आपण म्हणतो, पित्त झाले.

१८५१ साली हेल्महोल्ट्झने डोळ्याचा तळ पाहण्याचे साधन केले. पण पाहणाऱ्याच्या आठवणीशिवाय नोंद उरत नसे. आता फोटो निघतो, आणि १९९१ साली जगापुढे आलेल्या ओसीटी तपासणीत सोनोग्राफीत आवाज वापरतात तसा प्रकाश वापरून तंतूंच्या थराची जाडी मोजतात. निरोगी डोळ्यात ती सरासरी १०० मायक्रॉनच्या आसपास असते. काहींच्या चकतीत चुन्याचे कण साठून ती नुसतीच उचललेली दिसते. विशेष फोटोत ते कण चमकतात, आणि एखाद्याची पाठीत सुई घालण्याची तपासणी वाचते.

मात्र आकड्यावर भाळू नये. जाडी १८० वरून ९० वर आली तर सूज उतरली असेल, किंवा तंतू मेले असतील! म्हणून दृष्टीचे क्षेत्र आणि आतला पेशींचा थरही तपासतात. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात आणखी एक सांगायला हवे: अति तंबाखू, दारू आणि निकस आहार यांनी नजर मंदावते, तेव्हा चकती पुष्कळदा सुजलेली दिसतच नाही. चांगला फोटो म्हणजे निरोगी नस नव्हे.

आपल्या सीमाभागात आज बेळगाव, पुढच्या महिन्यात कोल्हापूर, मग कुणी सांगितले म्हणून मिरज, अशी फिरती असते. त्याला हरकत नाही. पण एका कंपनीच्या मशीनचे आकडे दुसऱ्याशी जुळत नाहीत. आठ-दहा मायक्रॉनचा फरक नुसता यंत्राचाही असू शकतो. तेव्हा पहिला फोटो आणि पहिला रिपोर्ट फाइलीत जपा, आणि पुढची तपासणी शक्यतो त्याच मशीनवर करा.

आणि दोन्ही डोळ्यांच्या चकत्या सुजल्या आहेत असे सांगितले, तर चष्मा बदलत बसू नका. त्याच दिवशी रक्तदाब पाहून घ्या, आणि मेंदूचा एमआरआय शिरांच्या चित्रासह करायचा का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.