जन्मसालाचं घड्याळ

जन्मसालाचं जुनं घड्याळ घ्यायचं तर आधी साल पक्कं लागतं, आणि बीड जिल्ह्यातल्या वडवणीकडच्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची अडचण इथूनच सुरू होते. टीसीवर जन्मतारीख १ जून. डोक्यावरून नेलेला हात पलीकडच्या कानाला लागला की पोरगं सहा वर्षांचं, असा हिशेब धरून गुरुजींनी वर्षही बसवून टाकलेलं. आईबाप ऊसतोडीला गेलेले असताना फडावरच्या कोपीत जन्म झाला असेल, तर गावच्या रजिस्टरात नोंद असेलच असं नाही. आईला मात्र नेमकं आठवतं: दुष्काळात खडी फोडायची कामं चालू होती, सुकडी वाटत होते, तेव्हाचा तू. म्हणजे १९७२-७३. टीसीवर १९७० का असेना, घड्याळ आईच्या सालाचं शोधावं. ते काही पेन्शनच्या फायलीला जोडायचं नाही.

साल ठरलं की त्या काळी काय मिळत होतं ते पाहायचं. एचएमटीचा बंगळुरूचा घड्याळ कारखाना जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ साली सुरू झाला. त्यामुळे १९५५चा जन्म असेल आणि कुणी त्या सालचं 'जनता' दाखवत असेल, तर तिथेच उठावं. १९६१ आधीच्या जन्मांना वेस्ट एंड, फाव्र-लूबा, रोमर अशी स्विस घड्याळंच पाहावी लागतात. टायटन बाजारात आलं १९८७ला. मधली पंचवीस वर्षं बहुतेक घरांत एचएमटी. लग्नात जावयाला द्यायचं तर सायकल, रेडिओ आणि एचएमटी. त्यातही 'कांचन' मिळालं की जावई खूश. फॉरेनचं म्हणून मिरवायचं ते सिको किंवा सिटिझन. ते आखातातून कुणी आणलेलं असायचं, नाहीतर चोरट्या मालातलं.

साल वाचायला सगळ्यांत सोपं सिको. मागच्या झाकणावर दोन आकडे असतात. एक जोडून लिहिलेला, मधे आडवी रेघ असलेला. त्यातले पहिले चार अंक म्हणजे मशीनचा नंबर. दुसरा सहा किंवा सात अंकी, तो अनुक्रमांक. त्याचा पहिला अंक सालाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा महिना. जानेवारी ते सप्टेंबर १ ते ९, पुढे ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. समजा, झाकणावर ६११९ आहे आणि अनुक्रमांक २४ने सुरू होतो. नुसत्या २वरून १९६२, ७२, ८२ काहीही निघेल. पण ६११९ हे मशीन साठच्या दशकाच्या अखेरीपासून सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंतच निघालं, म्हणून हे १९७२चं, एप्रिलचं. प्रत्येक मशीन इतकं सरळ बोलत नाही. ७००९ बरीच वर्षं बनत राहिलं. तिथे ८ दिसला तर १९७८ की १९८८, हे मॉडेलची नीट माहिती असल्याशिवाय सांगता येत नाही. सिटिझनमध्ये पहिला अंक सालाचा आणि पुढचे दोन महिन्याचे.

एचएमटीचं साल असं झाकणावरून सांगायला मी धजणार नाही. तिथे भरवसा कागदाचा: दुकानाचं बिल, शिक्का मारलेलं गॅरंटी कार्ड. पाठीवर कोरलेला मजकूरही कामाला येतो. कारखान्यात पंचवीस वर्षं झाली म्हणून किंवा निवृत्तीला दिलेल्या घड्याळांवर तारीख कोरलेली असते. त्यावरून एवढंच कळतं, की घड्याळ त्या तारखेच्या नंतरचं नाही. आधी दोन वर्षं ते दुकानाच्या कपाटात पडून असू शकतं. एवढी ढील एचएमटीला द्यावी. आपल्या १ जूनला आपण त्याहून जास्त देतो.

आता खरा धोका. जगभरचे जुन्या घड्याळांचे शौकीन ज्याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात तो माल आपल्याच राज्यातून जातो. मोडक्या घड्याळांचे भाग एकत्र करायचे, केस घासून चकचकीत करायची, डायल नव्याने रंगवायची. केशरी, पोपटी, कधी कारखान्याने न काढलेली सैनिकी चिन्हं छापलेली. घड्याळ चालतं, स्वस्तही मिळतं, हौसेला वाईट नाही. पण त्याला जन्मसाल नसतं: झाकण एका सालचं, मशीन दुसऱ्या, डायल गेल्या महिन्याची.

ओळखायला भिंग घ्या. कारखान्याची छपाई धारदार असते. रंगवलेल्या डायलवर अक्षरांच्या कडा फुगतात, मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळत नाहीत. सिकोच्या अस्सल डायलवर सहाच्या आकड्याखाली अगदी बारीक अक्षरांत मशीनचा नंबर असतो. रंगवताना तो बहुधा पुसला जातो किंवा चुकतो. पन्नास वर्षांच्या घड्याळाची डायल कोरी करकरीत असेल तर खूश होण्याआधी थांबा. मग झाकण उघडायला सांगा. झाकणावर ६११९ तर मशीनवरही ६११९ कोरलेलं हवं. विकणारा उघडायला तयार नसेल, मशीनचा फोटोही देत नसेल, तर दुसरं पाहा. या मॉडेलांचा दुष्काळ नाही.

चावीचं घड्याळ असेल तर पूर्ण चावी देऊन मोबाइलशी वेळ जुळवा आणि चोवीस तासांनी पाहा. मिनिटभर मागेपुढे चालेल. खूपच पुढे पळत असेल तर चुंबकत्व लागलेलं असू शकतं, ते सहज काढता येतं. मधेच बंद पडत असेल तर बहुधा तेल वाळलंय. तसंच रेटून चालवलं की दाते झिजतात.

म्हणून घेतल्यावर पहिलं काम सर्व्हिसिंग. वडवणीत जमलं नाही तर बीडला चावीच्या घड्याळात हात घालणारा जुना घड्याळजी शोधावा. बॅटरी बदलणारा नको. काच बदलली तरी हरकत नाही, पट्टा तर नवाच लागतो. मात्र 'पॉलिश करू नका' हे देतानाच बजावून सांगा आणि जमलं तर कागदावर लिहून द्या. झाकण घासलं की त्यावरचा आकडा जातो.