खिडकीचा पडदा दुरुस्त करा, खिडकी बंद करू नका

गेल्या पावसाळ्यात वस्तीतल्या एका घरी गेले होते. सुनेला टीबीचं औषध सुरू होऊन महिना झाला होता. खोली 10 बाय 12 ची, माणसं 6 आणि खिडकी एकच. त्या खिडकीला पट्ट्यांचा पडदा होता, ऑफिसात ज्याला ब्लाइंड म्हणतात तो. सासूबाई एका ऑफिसात साफसफाईला जातात. तिथे नवे पडदे लागले तेव्हा जुने काढून टाकले, त्यातला एक त्या घरी घेऊन आल्या. काही महिने चांगला चालला. मग दोरी अडकली, पडदा वर जाईना. गल्लीतून आतलं सगळं दिसतं म्हणून तो खालीच राहू दिला आणि झड येते म्हणून बाहेरून फ्लेक्सचा तुकडा ठोकला. पाणी थांबलं, तशी हवाही थांबली.

"ताई, औषध ती रोज घेते. अजून काय करायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"आधी ही खिडकी उघडू," मी म्हटलं. दोरी सोडवायला 10 मिनिटंही लागली नाहीत.

पडदा नकोच, असं मी कधीच म्हणणार नाही. एका खोलीच्या घरात बाईला कपडे बदलायचे असतात, बाळाला पाजायचं असतं, मुलीला अभ्यास करायचा असतो. आडोसा ही गरज आहे. पण टीबीचे जंतू खोकल्याबरोबर हवेत येतात आणि कोंदट खोलीत कित्येक तास तरंगत राहतात. वारा खेळता असला की ते विरळ होतात, बाहेर निघून जातात. म्हणून पडदा असा हवा, की पाहिजे तेव्हा खाली आणि पाहिजे तेव्हा वर. बिघडलेला पडदा म्हणजे बंद खिडकी.

दोरी अडकली तर

पट्ट्यांच्या पडद्याच्या वरच्या पेटीत दोरी धरून ठेवणारी एक खिट्टी असते. पडदा अडकतो तो बहुधा तिथेच. झटके देऊ नका. दोरी हळूच खाली ओढा, मग पेटीच्या मधल्या बाजूला तिरपी न्या आणि सैल सोडा. सुटली नाही तर दुसऱ्या बाजूला नेऊन पाहा. खिट्टीत धूळ साचली असेल तर जुन्या टूथब्रशने काढा. तेल घालू नका, तेलाला धूळ आणखी चिकटते.

दोरी झिजून दोरे निघाले असतील तर ती तुटायच्या आधीच बदला. पडदा पूर्ण खाली सोडा. खालच्या जाड पट्टीचं बूच काढा, आत दोरीची गाठ दिसेल. गाठ सोडा आणि नव्या दोरीचं टोक जुन्या दोरीच्या टोकाला जोडा. दोन्ही टोकं सुईदोऱ्याने शिवून वरून पातळ चिकटपट्टी गुंडाळली की जोड भोकातून सहज सरकतो. आता वरून जुनी दोरी ओढत गेलं की तिच्यामागे नवी आपोआप ओवली जाते. जोड वर आला की तो कापा आणि खालच्या टोकाला पहिल्यासारखी गाठ मारा.

पट्टी मोडली तर

मोडलेली पट्टी विकत आणायची गरज नाही. पडदा खिडकीपेक्षा लांब असतो तेव्हा खाली 2-4 पट्ट्या जास्तीच्या असतात. तळाची गाठ सोडून दोरी मोडक्या पट्टीच्या वरपर्यंत ओढून घ्या. मोडकी पट्टी बाजूने सरकवून काढा, तिच्या जागी तळातली चांगली घाला. दोरी परत ओवताना शिडीच्या आडव्या दोऱ्यांच्या एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून न्या. हे चुकलं तर पट्ट्या जागेवरून सरकतात.

बांबूची चिक

आपल्याकडे दाराला, खिडकीला चिक जास्त दिसते. ऊन अडवायला ती ब्लाइंडपेक्षा चांगली, पण बाहेरून लावली तरच. आतून लावलेला पडदा ऊन आत आल्यावर तापतो. बाहेरची चिक ऊन भिंतीबाहेरच अडवते आणि काड्यांच्या फटीतून वारा येत राहतो. पत्र्याच्या घरात एप्रिल-मे महिन्यात हा फरक लगेच कळतो.

चिक बिघडते ती विणीपासून. एक धागा तुटला की काड्या निखळू लागतात. त्याच दिवशी नायलॉनच्या धाग्याने, शेजारच्या विणीकडे पाहत, प्रत्येक काडीभोवती आढी घालत खालपर्यंत या. कडेचा कापडी गोट उसवला असेल तर जुन्या साडीची दुहेरी पट्टी शिवा. पावसाळा संपला की चिक उतरवून दोन्ही बाजूंनी कडक ऊन दाखवा. काड्यांतून पिवळट भुकटी पडत असेल तर कीड लागली आहे. तेवढ्या काड्या काढून टाका.

साफसफाई

कोरडं फडकं झटकलं की धूळ घरभर उडते आणि दम्याच्या माणसाला रात्री धाप लागते. जुना मोजा हातात घाला, साबणाच्या पाण्यात पिळून घ्या आणि वरून खाली एकेक पट्टी पुसा. कापडी पडदा 15 दिवसांनी धुवा. तो गॅसच्या किंवा स्टोव्हच्या जवळ येत असेल तर स्वयंपाकाच्या वेळी गाठ मारून बाजूला करा. बुरशी धरली असेल तर ब्लीचिंगच्या पाण्याने पुसा, पण त्यात संडास धुण्याचं अॅसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

दोन धोके

पहिला धोका दोरीचा. ब्लाइंडच्या लोंबत्या दोरीचा फास गळ्याला बसून लहान मुलं दगावली आहेत. हे आवाज न होता, काही मिनिटांत होतं. शेजारच्या खोलीतल्या आईलाही कळत नाही. खाली दोरीचा फास होत असेल तर तो कापून दोन टोकं वेगळी करा. जमिनीपासून 5 फुटांवर खिळा मारून दोरी त्यावर गुंडाळून ठेवा. त्या खिडकीखाली पलंग, पेटी, स्टूल ठेवू नका आणि बाळाची झोळीही तिथे बांधू नका.

दुसरा धोका जुन्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचा. 1996 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाला बाहेरून आलेल्या काही प्लास्टिक ब्लाइंडमध्ये शिसं आढळलं होतं. उन्हाने प्लास्टिक झिजतं आणि शिशाची धूळ पट्ट्यांवर जमते. रांगणारं मूल हात लावतं, तोच हात तोंडात घालतं. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. नुसतं पाहून शिसं ओळखता येत नाही. म्हणून भंगारातून किंवा ऑफिसातून आलेला जुना, कडक झालेला, हाताला पांढरी भुकटी लागणारा प्लास्टिकचा पडदा लहान मुलाच्या घरात लावूच नका. अॅल्युमिनियमचा किंवा साधा सुती पडदा बरा.

आणि डास?

पडदा वर केला की डास येतात, ही तक्रार खरी आहे. डेंग्यूचा डास तर दिवसाच चावतो. त्यासाठी खिडकीच्या चौकटीला बारीक जाळी लावा. जाळीला भोक पडलं तर त्याच जाळीचा तुकडा कापून नायलॉनच्या धाग्याने शिवा. महिन्यातून एकदा ब्रशने धूळ काढा, धुळीने भरलेल्या जाळीतून वारा येत नाही.

त्या घरातला फ्लेक्स आता निघाला आहे. सासूबाई सकाळी उठल्या की पडदा वर करतात. झड आली तर पट्ट्या तिरप्या करतात, पाणी अडतं आणि हवा चालू राहते. पुढच्या रविवारी विहारात महिला मंडळ जमेल तेव्हा कुणाचा पडदा अडकला असेल तर घेऊन या. सुई, नायलॉनचा धागा आणि कात्री मी आणते. आणि घरात कुणाला 2 आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर त्यालाही सोबत आणा. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, तिथे आपण मिळून जाऊ.