लीट्रिमचे बारा गुण

आयर्लंडांतील गेलिक फुटबॉलमध्यें खेळाडूंस वेतन नसतें. तो आपापल्या परगण्यासाठीं खेळला जाणारा खेळ आहे. पैसा ओतून बाहेरचे गडी आणण्याची तेथें सोय नाहीं. लीट्रिम हा तर लोकसंख्येनें सर्वांत लहान परगणा. १९२७ नंतर कॉनॉट प्रांताचें अजिंक्यपद त्याला लाभलें नव्हतें. १९९४ च्या अंतिम सामन्यांत पहिल्याच मिनिटाला मेयो परगण्याचा गोल झाला. त्या वेळीं या खेळांत गोलाचे ३ गुण, चेंडू आडव्या दांड्यावरून गेल्यास १ मिळे. मेयोचे २ गोल व ४ गुण मिळून १० झाले; लीट्रिमनें एकही गोल न करितां एकेक करून १२ जमविले! करंडक उंचावतांना तरुण कर्णधाराशेजारीं १९२७ चा वृद्ध कर्णधार टॉम गॅनन उभा होता. थेंबे थेंबे तळें सांचतें, तें असें.